घावनावर काय घालावें?

मंडणगड तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास आहे. सावित्री नदी ओलांडली कीं रायगड जिल्हा लागतो. खालच्या खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी, हीं येथील जुनीं पिकें. गहूं हें ह्या मातीचें धान्य नव्हे. तें दुकानाच्या वाटेनें घरांत आलें. ह्यामुळें ज्या माणसास गहूं वर्ज्य आहे, त्याला येथील जुनें स्वयंपाकघर फार सोयीचें आहे. गौरीच्या नैवेद्याचें घावन-घाटलें पाहिलें तर त्यांत तांदूळ, नारळ आणि गूळ ह्यांचाच कारभार असतो. तथापि घावनावर काय घालावें, हा प्रश्न उरतोच. बहुतेकांच्या दृष्टीनें तो केवळ जिभेचा प्रश्न आहे. कांहीं घरांत मात्र तो एखाद्या मुलाच्या प्रकृतीचा प्रश्न असतो.

गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्याखाली धरून चोळीत राहिलें तर पांढरें सत्त्व वाहून जातें आणि हातांत रबरासारखा एक चिकट गोळा उरतो. हेंच ग्लुटेन. पोळी लाटतांना ती ताणली जाते आणि पाव फुगतो, तो ह्याच्याच बळावर. गव्हांत, जवांत आणि राय नांवाच्या धान्यांत हें प्रथिन असतें. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी व मका ह्यांत तें नसतें. म्हणूनच तांदळाच्या भाकरीस उकड काढावी लागते.

बहुतेकांना ग्लुटेन निरुपद्रवी असतें. परंतु सीलिॲक नांवाचा एक रोग आहे. त्यांत ग्लुटेन पोटांत गेलें कीं शरीराची संरक्षकशक्ति स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते. आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नाचा रस शोषून घेण्याचें काम त्यांचें. ते झिजून सपाट होतात आणि मग खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. मूल पोटभर जेवतें, पण वाढत नाहीं. पोट फुगतें, जुलाब होतात, रक्त कमी होतें, हाडें ठिसूळ होतात. उत्तर भारतांत शंभरांत सुमारें एकास हा रोग असल्याचें आढळलें आहे. दक्षिणेकडे तो बराच विरळ आहे. विरळ असल्यामुळेंच इकडे तो लवकर ओळखला जात नाहीं.

गव्हाचा हा दोष वैद्यकास फार उशिरां कळला. विलेम कारेल डिके नांवाच्या डच बालवैद्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच पावाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हांच्या अनुभवानें तो संशय बळावला. आणि १९५० सालीं त्यांनीं आपल्या प्रबंधांत गहूं वगळल्यानें अशीं मुलें सुधारतात हें मांडलें. आजही ह्या रोगावर पथ्य हाच उपाय आहे, आणि तें जन्मभर पाळावें लागतें. पथ्य नीट पाळलें तर आंतडें भरून येतें आणि मूल पुन्हा वाढीस लागतें.

नीट म्हणजे किती, हेंही समजून घेतलें पाहिजे. दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन कांहीं महिने पोटांत जात राहिलें तरी आंतड्यास इजा होते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. एवढें ग्लुटेन सुमारें अर्धा ग्रॅम कणकेंत, म्हणजे दोन बोटांच्या चिमटींत, असतें. “एवढ्याशानें काय होतें?” हें आजीचें मायेचें वाक्य म्हणूनच येथें लागू पडत नाहीं.

आतां घावनावर घालावयाच्या पदार्थांकडे वळूं. पहिला मान नारळाच्या रसाचा. खोवलेला नारळ वाटून, फडक्यांतून पिळून, त्यांत गूळ, वेलदोडा आणि कणभर मीठ घातलें कीं झाला. खापरोळी ह्याच रसांत बुडवून खातात. रस दाट हवा असल्यास तांदळाची पिठी लावावी. दुसरी काकवी. ती बहुधा घाटावरून, कोल्हापुराकडील गुऱ्हाळांतून येते. उंसाचा रस काहिलींत आटवीत असतां सुमारें १०५ अंशांवर उतरविला तर काकवी होते, ११८ अंशांच्या आसपास नेला तर गूळ. दोहोंत ग्लुटेन नाहीं. तिसरा शुद्ध मध. त्यांतही तें नाहीं. मात्र एक वर्षाच्या आंतील मुलास मध देऊं नये.

मुंबईहून येणारे चाकरमानी हल्लीं बाटलींतले पाकही आणतात. कॅनडांतील मेपल वृक्षाचा सुमारें ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक होतो. तो शुद्ध असेल तर निर्धोक, पण महाग. ‘पॅनकेक सिरप’ म्हणून मिळणारा स्वस्त पाक बहुधा मक्याच्या साखरेचा, रंग व वास घातलेला असतो. त्यांतील मक्याचें भय नाहीं. भय ‘माल्ट’ ह्या शब्दाचें आहे. नुसतें माल्ट म्हटलें कीं तें बहुतकरून मोड आणलेल्या जवाचें असतें. चॉकलेटच्या पाकांत व दुधांत घालावयाच्या पुडींतही तें आढळतें. अशक्त मुलाला शक्ति यावी म्हणून आई जी पुडी प्रेमानें पाजते, तीच ह्या रोगांत घातक ठरूं शकते. म्हणून बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. गहूं, जव वा राय असल्यास तसें छापणें भारतांत कायद्यानें आवश्यक आहे. आणि एका किलोंत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असलेल्या मालावर ‘ग्लुटेन-मुक्त’ असें लिहितां येत नाहीं.

परंतु पाक निर्दोष निवडूनही घावन दूषित होऊं शकतें. ज्या गिरणींत गहूं दळले, तींतच मागाहून तांदूळ दळले तर कणीक पिठींत उतरते. ह्यावर जुनी रीत उत्तम: तांदूळ रात्रीं भिजत घालून सकाळीं घरींच वाटावे. पोळ्यांचा तवा घावनास वापरूं नये. बिडाचा एक तवा, एक उलथणें आणि पाकाचा एक चमचा वेगळा ठेवावा. पोळीला लावलेला चमचा काकवीच्या बरणींत पुन्हा गेला कीं सारी बरणी बाद समजावी.

आणखी दोन सूचना. रोगाची शंका आल्यास आधीं रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि तोंवर गहूं बंद करूं नये; आधींच बंद केल्यास तपासणींत रोग लपतो. दुसरें, काकवी काय, मध काय, शेवटीं साखरच. मधुमेह असलेल्यानें प्रमाण वैद्यास विचारून ठरवावें.

एका मुलासाठीं वेगळें ताट वाढण्यापेक्षां त्या दिवशीं साऱ्या घरानेंच घावन व नारळाचा रस खावा. गौरीच्या दिवशीं तें सर्वांना गोड लागतें. इतर दिवशीं न लागण्याचें कारण नाहीं. पंक्तींत वेगळें पाडलें गेलें नाहीं, तर मूलही पथ्य आनंदानें पाळतें.