रंगद्रव्य एक, छटा अनेक

डोळ्याचा रंग म्हणजे परितारिकेचा रंग. पांढऱ्या भागाच्या मधोमध दिसणारी आणि बोलण्यात जिला बुबुळ म्हणतात ती ही गोल चकती साधारण 12 मिलिमीटर व्यासाची असते. ती पारदर्शक पारपटलाच्या मागे असते आणि तिच्या मध्यभागी बाहुलीचे छिद्र असते. परितारिकेतील स्नायू हे छिद्र लहानमोठे करतात. भर उजेडात ते दोन मिलिमीटरपर्यंत आक्रसते, तर अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत फाकते. बाहुली सर्वांचीच काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश तिथून फारसा बाहेर येत नाही. माणसामाणसांत फरक पडतो तो तिच्याभोवतीच्या कड्यात.

रंग कसा तयार होतो

परितारिकेचे ढोबळमानाने दोन थर असतात. मागचा थर अगदी पातळ, पण मेलॅनिन या गडद तपकिरी रंगद्रव्याने गच्च भरलेला असतो. डोळे निळे असोत की काळेभोर, हा थर जवळपास सर्वांमध्ये सारखाच गडद असतो. डोळ्याचा रंग ठरतो तो पुढच्या थरात. कोलॅजेनच्या तंतूंच्या विरळ जाळीचा हा थर असतो आणि त्यात मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. या पेशींची संख्या निळ्या आणि तपकिरी डोळ्यांत साधारण सारखीच असते. कमीजास्त असते ते त्यांतील मेलॅनिन.

मेलॅनिन भरपूर असले की पुढचा थर बहुतेक प्रकाश शोषून घेतो आणि डोळे तपकिरी दिसतात. ते अगदी कमी असले की थरात शिरलेल्या प्रकाशाचे विकिरण होते. आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश अधिक विखुरला जाऊन बाहेर परततो. लांब तरंगलांबीचा तांबडा प्रकाश मागच्या गडद थरात जिरतो. आकाश निळे दिसते तेही अशाच विकिरणामुळे. माणसाच्या डोळ्यात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसतेच. निळ्या डोळ्यांच्या माणसाची परितारिका प्रयोगशाळेत तपासली, तरी हाती लागते ते तपकिरी मेलॅनिनच.

प्रमुख रंग

जगातील बहुसंख्य माणसांचे डोळे तपकिरी आहेत. आफ्रिका, आशिया आणि अमेरिका खंडांतील मूळ रहिवाशांमध्ये हाच रंग सर्वाधिक आढळतो. मधासारख्या फिकट तपकिरीपासून ते जवळजवळ काळ्यापर्यंत त्याच्या छटा आहेत. ज्यांना काळे डोळे म्हणतात ते खरे तर अतिशय गडद तपकिरी असतात. टॉर्चचा प्रकाश बाजूने टाकला की त्यांतील तपकिरी उठून दिसतो.

निळ्या डोळ्यांचे प्रमाण बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांत, विशेषतः फिनलंड आणि एस्टोनियात, सर्वाधिक आहे. करडे डोळेही मुख्यतः उत्तर आणि पूर्व युरोपात आढळतात. हिरवे डोळे प्रमुख रंगांमध्ये सर्वांत दुर्मीळ गणले जातात. आइसलंड, आयर्लंड आणि स्कॉटलंड येथे ते तुलनेने अधिक दिसतात. थोडेसे पिवळट-तपकिरी मेलॅनिन आणि विकिरणातून आलेला निळा प्रकाश यांच्या मिश्रणातून हिरवा दिसतो.

मिश्र रंगाचे डोळे हा सर्वांत फसवा प्रकार. इंग्रजीभाषक देशांत त्यांना हेझल म्हणतात. अशा परितारिकेकडे जवळून पाहिले तर बाहुलीला लागून गडद तपकिरी कडे दिसते. त्याच्या बाहेर हिरवट पट्टा असतो आणि त्यात पिवळसर तंतू पसरलेले असतात. अगदी कडेला निळसर-करडी रेघ असते. घरात तपकिरी वाटणारा हा डोळा अंगणात हिरवा वाटतो. ॲम्बर किंवा पिंगट डोळे त्याहून वेगळे. त्यांत सगळीकडे एकसारखी सोनेरी-पिवळी झाक असते.

वर्णहीनता असलेल्यांचे डोळे लाल असतात, असा समज आहे. प्रत्यक्षात ते बहुधा फिकट निळे किंवा करडे असतात. त्यांच्या परितारिकेच्या मागच्या थरातही मेलॅनिन कमी असल्यामुळे विशिष्ट प्रकाशात आतील रक्तवाहिन्यांची लाली आरपार दिसते. अशा व्यक्तींना उजेडाचा त्रास होतो आणि बहुधा दृष्टीही कमी असते.

भारतात तपकिरी डोळ्यांचेच राज्य आहे. तरीही काश्मीर आणि हिमाचलपासून कोकणापर्यंत फिकट डोळ्यांची माणसे भेटतात. महाराष्ट्रात कोकणस्थांचे घारे डोळे प्रसिद्ध आहेत, पण ते एकाच जातीत असतात असे नाही आणि त्या जातीतही सर्वांचे नसतात. घारे या एका शब्दात करडे, हिरवट, पिंगट, मिश्र असे सगळेच येतात. अशा डोळ्यांवरून एखाद्या समाजाचे मूळ परदेशात शोधण्याच्या कथा रंजक असल्या, तरी केवळ डोळ्यांचा रंग हा अशा स्थलांतराचा पुरावा ठरत नाही.

आईवडिलांकडून मुलांकडे

तपकिरी रंग प्रभावी आणि निळा अप्रभावी, एवढ्या एका जोडीवर सारे ठरते, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानले गेले. अमेरिकेत गर्ट्रूड आणि चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी 1907 मध्ये ही मांडणी केली. निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचे मूल होणारच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघे. अनेक वर्षे तो पाठ्यपुस्तकांतही होता. तो चुकीचा आहे. असे क्वचित घडते, पण घडते. त्यामुळे डोळ्यांच्या रंगावरून पितृत्वाबद्दल शंका घेण्याला शास्त्रीय आधार नाही.

डोळ्यांच्या रंगात सर्वांत मोठा वाटा पंधराव्या गुणसूत्रावरील दोन शेजारी जनुकांचा आहे. ओसीए-2 हे जनुक मेलॅनिनच्या निर्मितीला हातभार लावते आणि एचईआरसी-2 या जनुकातील एक लहानसा भाग त्याचे काम कमीजास्त करतो. या भागातील डीएनएच्या एकाच अक्षराच्या बदलाने मेलॅनिनची निर्मिती मंदावते आणि डोळे निळे होतात, हे 2008 मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील हान्स आयबर्ग यांच्या गटासह इतर संशोधकांनीही दाखवून दिले. 2021 मध्ये सुमारे 1 लाख 95 हजार व्यक्तींच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांच्या रंगाशी संबंधित असलेली आणखी 50 स्थाने सापडली. तपकिरी डोळ्यांच्या आशियाई लोकांतील फिकट-गडद छटांमागेही युरोपीय लोकांतीलच काही जनुके असल्याचे या अभ्यासात दिसले.

प्राचीन सांगाड्यांतील डीएनएनेही काही समज मोडीत काढले. स्पेनमधील ला ब्रान्या येथे सापडलेला माणूस सुमारे 7 हजार वर्षांपूर्वीचा, तर इंग्लंडचा 'चेडर मॅन' सुमारे 10 हजार वर्षांपूर्वीचा. दोघांच्याही जनुकांवरून डोळे फिकट आणि त्वचा मात्र सावळी ते काळी असावी असा अंदाज निघतो. म्हणजे युरोपात फिकट डोळे गोऱ्या कातडीच्या आधीच रुळले होते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा लेस्टर येथे वाहनतळाखाली 2012 मध्ये सापडला. त्याचे डोळे निळे असण्याची शक्यता 96 टक्के असल्याचे 2014 मध्ये संशोधकांनी जाहीर केले. गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या डीएनएवरूनही आता अज्ञात व्यक्तीच्या डोळ्यांचा रंग सांगता येतो. निळा आणि तपकिरी ओळखण्यात ही चाचणी चांगली ठरते, पण मधल्या रंगांत चुकते.

वयानुसार आणि आजारात होणारे बदल

मेलॅनिनची निर्मिती जन्मानंतरही चालू राहते. म्हणून युरोपीय वंशाच्या अनेक बाळांचे डोळे जन्मतः निळसर असतात आणि पहिल्या वर्षभरात, काहींचे तीन वर्षांपर्यंत, गडद होत जातात. सगळीच बाळे निळ्या डोळ्यांनी जन्मतात, हे मात्र खरे नाही. भारतीय बाळांचे डोळे बहुधा जन्मापासूनच गडद असतात.

दोन डोळ्यांचे रंग वेगळे असणे, किंवा एकाच परितारिकेत दोन रंग असणे, या स्थितीला हेटरोक्रोमिया म्हणतात. ती जन्मजात आणि निरुपद्रवी असू शकते. वार्डेनबर्ग सिंड्रोमसारख्या विकारात मात्र तिच्यासोबत बहिरेपणा असू शकतो. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी याचे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांचा रंग एकच होता. किशोरवयात मित्राचा ठोसा बसून त्याची एक बाहुली कायमची फाकली आणि तो डोळा गडद दिसू लागला.

मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलला, तर त्यामागे कारण असते. परितारिकेचा दीर्घकाळचा दाह तिला फिकट करू शकतो. लेथ किंवा ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात घुसून आतच राहिला, तर गंजामुळे परितारिका तांबूस-तपकिरी होत जाते आणि दृष्टीही धोक्यात येते. काचबिंदूवर दिले जाणारे लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब मिश्र रंगाच्या डोळ्यांना हळूहळू तपकिरी करू शकतात आणि हा बदल सहसा कायमचा असतो.

आपला रंग कसा ओळखावा

डोळ्यांच्या रंगांचे वर्गीकरण करण्याचे प्रयत्न जुने आहेत. रुडॉल्फ मार्टिन या मानवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी काचेच्या 16 कृत्रिम डोळ्यांचा संच बनवला होता. व्यक्तीच्या डोळ्याशेजारी तो धरून जुळणारा क्रमांक लिहिला जाई. आज अशा संचाची गरज नाही. एक आरसा, एक पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड पुरेसा आहे.

निरीक्षण दिवसा, खिडकीजवळ करावे. मात्र थेट ऊन डोळ्यांवर नको. पिवळ्या बल्बखाली तपकिरी अधिक उबदार दिसतो आणि हिरवट छटा हरवते. गडद रंगाचे कपडे, काजळ आणि आयशॅडो यांमुळेही नजर फसते, म्हणून चेहरा स्वच्छ असावा आणि हनुवटीखाली पांढरा कागद धरावा. रंगीत लेन्स काढून ठेवावी.

पहिल्यांदा आरसा हातभर अंतरावर धरून एकूण रंग पाहावा. लोकांना दिसतो तो हाच. मग आरसा जवळ आणून परितारिकेचे तीन भाग वेगवेगळे न्याहाळावेत: बाहुलीला लागून असलेले कडे, मधला रुंद पट्टा आणि बाहेरची कड. तिन्हींत तपकिरीच असेल तर डोळे तपकिरी. आतील कडे तपकिरी आणि बाहेर हिरवट असेल तर मिश्र. तपकिरी कुठेच नसेल तर निळा, करडा किंवा हिरवा यांतून निवड करावी. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे पाहावेत. अंधारात बाहुली फाकली की परितारिकेचा पट्टा अरुंद होतो आणि तोच डोळा अधिक गडद भासतो, म्हणून उजेड पुरेसा हवा.

मोबाइलच्या फोटोवर फारसे विसंबू नये. कॅमेरा रंगांचा समतोल आपणहून बदलतो आणि फिल्टर तर डोळे हमखास उजळ करतात. मुख्य कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता, चौकटीत पांढरा कागद ठेवून घेतलेला फोटो त्यातल्या त्यात विश्वासार्ह.

अमेरिकेत वाहन परवान्याच्या अर्जात डोळ्यांचा रंग भरावा लागतो. तेथील रकान्यांत तपकिरी, निळा, हिरवा, हेझल, करडा यांबरोबर काळा आणि दुरंगी हेही पर्याय असतात. तिथे गेलेले अनेक भारतीय सवयीने काळा लिहितात. उजेडात पाहिले तर बहुतेकांचे योग्य उत्तर तपकिरी हेच असते.

ओळख पटवण्याच्या कामी मात्र रंगाचा उपयोग मर्यादितच. कोट्यवधी लोकांचे डोळे तपकिरी असतात, पण परितारिकेवरील तंतूंची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही ती सारखी नसते. नॅशनल जिओग्राफिकच्या जून 1985 च्या मुखपृष्ठावर झळकलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी शरबत गुला 2002 मध्ये पुन्हा सापडली. तेव्हा केंब्रिज विद्यापीठातील जॉन डॉगमन यांनी दोन्ही छायाचित्रांतील हीच नक्षी जुळवून ती तीच असल्याची खात्री केली. आधार कार्डासाठीही हीच नक्षी टिपली जाते. या योजनेची सुरुवात सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून झाली. आधारचे यंत्र अवरक्त प्रकाश वापरते. हा प्रकाश मेलॅनिन फारसा शोषत नाही, त्यामुळे काळ्याभोर डोळ्यांतली नक्षीही स्पष्ट उमटते.

डॉक्टरांकडे कधी जावे

आरशात पाहताना काही खुणा दिसल्या तर दुर्लक्ष करू नये. उतारवयात बुबुळाच्या कडेला उमटणारे पांढुरके कडे पारपटलातील मेदामुळे असते आणि ते बहुधा निरुपद्रवी असते. तेच चाळिशीच्या आत दिसले तर कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. कडेला हिरवट-तपकिरी वलय असेल तर ते शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सन विकाराचे लक्षण असू शकते. परितारिकेवरचा तपकिरी ठिपका वाढत असेल, किंवा लहान मुलाच्या फोटोत एक बाहुली पांढरी चमकत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे.

रंग बदलण्याची हौस असेल तर नेत्रतज्ज्ञांनी मोजमाप करून दिलेल्या रंगीत लेन्स हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. त्या रात्री काढून ठेवाव्यात, नळाच्या पाण्याने धुऊ नयेत आणि दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत. परितारिकेवर कृत्रिम चकती बसवणे किंवा पारपटलात रंग भरणे अशा केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांविरुद्ध अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने 2024 मध्ये इशारा दिला आहे. त्यांतून संसर्ग, पारपटलाची हानी, काचबिंदू आणि अंधत्व ओढवू शकते. डोळे कोणत्याही रंगाचे असोत, निरोगी असतील तर त्यांना अशा शस्त्रक्रियेची गरज नाही.