जेवली की चिकू भिंतीला डोकं का लावायची?

घरी कुत्रं असेल तर आजचा एपिसोड नीट ऐका. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला पाठवा.

आमची चिकू, जात शिह त्झू, वय आठ महिने. वयाच्या मानाने फारच लहानखुरी. मधेच भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची, गोल गोल फिरायची, हाक मारली तरी लक्ष नाही. आई म्हणायची, "अरे, नाटकं करते ही." मी तर दोनदा ओरडलोही तिला. मग एके रात्री फिट आली.

कोडमध्ये बग सापडत नसला की आपण लॉग बघतो. तशा मी मोबाईलमध्ये वेळा लिहायला लागलो. आठवड्याभरात दिसलं की हे सगळं जेवणानंतर एक-दोन तासांत होतं, आणि चिकन खाल्लं की जास्त. नोंदी बघून डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या आधी लिव्हर तपासू."

आता गंमत बघा. प्रोटीन खाल्लं की आतड्यातले बॅक्टेरिया त्यातून अमोनिया बनवतात. आतड्याकडचं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये येतं, तिथे अमोनियाचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. लिव्हर शंट म्हणजे या रस्त्यावरचा नको असलेला बायपास. रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जातं आणि अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो. त्या बिघाडाला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

आईच्या पोटात प्रत्येक पिल्लाला असा एक बायपास असतोच. जन्मानंतर काही दिवसांत तो बंद होतो. लॅब्रॅडॉर, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत तो कधी कधी उघडा राहतो. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग, शिह त्झू या छोट्या जातींत बहुतेक वेळा लिव्हरच्या बाहेर एक भलतीच शीर जोडलेली असते.

पहिली तपासणी सोपी आहे. बाइल ॲसिड टेस्टसाठी उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. शंका पक्की झाली की सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन.

चिकूला सध्या लॅक्टुलोज चालू आहे. माणसांना बद्धकोष्ठतेवर देतात तेच सिरप. ते अमोनिया आतड्यातच अडवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. प्रोटीन पूर्ण बंद केलेलं नाही, कारण पिल्लू वाढीचं आहे. पचायला सोपं आणि मोजून देतो.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्या शिरेभोवती एक रिंग बसवतात. तिच्या आतला केसीनचा थर ओलावा शोषून फुगतो आणि शीर काही आठवड्यांत हळूहळू बंद होते. एकदम बंद केली तर पोर्टल व्हेनमधला दाब वाढून जिवावर बेतू शकतं. हळूहळू केलं तरी धोका आहेच, नंतर फिट येऊ शकते. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू?

पण तुम्ही एक करा. कुत्रं विचित्र वागलं तर ओरडण्याआधी घड्याळ बघा, ते शेवटचं कधी जेवलं ते लिहा, जमलं तर व्हिडिओ काढा. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. शंट असेल तर साधं औषधही शरीरात साचतं.

चिकू नाटकं करत नव्हती. मला कळायला उशीर झाला, तुम्हाला होऊ नये. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!