काट्याची पावती आणि गावचे दप्तर



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांविषयी बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस काट्यावर आला की वजनाची पावती हातात पडल्याशिवाय आपण गाडी हलवत नाही. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन, सगळे नजरेखालून घालतो. शंका आली तर काटेवाल्याला विचारतो आणि त्यात कुणाला भांडण वाटत नाही. मग गावातल्या रस्त्याचा, बंधाऱ्याचा, पाणंदीचा हिशेब विचारताना आपली जीभ का अडखळते?

घरचीच गोष्ट

मी मूळचा अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठचा. तिकडे ऊस नाही, भात. शेताच्या आणि खाडीच्या मध्ये एक मातीचा बांध, त्यावरच सगळी शेती उभी. तुमच्याकडे पाटाचे पाणी जादा झाले की जमीन हळूहळू क्षारपड होते. आमच्याकडे उधाणाच्या भरतीला बांध फुटला की ते एका रात्रीत होते. आणि शेतात शिरलेले खारे पाणी ओसरले तरी मीठ मागे राहते. ते पावसाने धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या बांधाला खांड गेली. थोरल्या बंधूंचे उभे भात गेले. ज्या बांधाची आदल्या वर्षी सरकारी पैशातून दुरुस्ती झाल्याचे सांगत होते, तोच हा बांध. बंधू कार्यालयात तीन वेळा गेले. एकदा "साहेब मीटिंगला गेलेत", एकदा "दप्तर वर पाठवलंय", आणि तिसऱ्यांदा सरळच, "तुम्हाला कशाला हवेत कागद?"

मी सुट्टीवर गेलो तेव्हा म्हटले, "दादा, लेखी अर्ज करू."

ते म्हणाले, "तुझं बरं आहे, तू दोन दिवसांनी जाशील. मला गावात राहायचंय. उद्या घरच्या दाखल्याला अडवलं तर?"

ही भीती खोटी नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात ती असते. शेवटी आम्ही बांधालगतच्या पाच खातेदारांनी एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज दिले. एकट्याचा राग धरता येतो, पाच जणांचा धरणे अवघड जाते.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. मग पहिले अपील केले. त्यानंतर कागद मिळाले, आणि मुदत टळली म्हणून नकला फुकट द्याव्या लागल्या. त्यात कामाचे अंदाजपत्रक होते आणि मोजमाप पुस्तिका होती. ओहोटीच्या वेळी आम्ही टेप घेऊन बांधावर उतरलो. कागदावर जेवढ्या लांबीचे काम, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त जागेवर. खांड गेली ती नेमकी न झालेल्या भागात.

आम्ही आरडाओरडा केला नाही. मोजमाप पुस्तिकेचे पान ग्रामसभेत वाचून दाखवले आणि शेजारी आमचे माप सांगितले. सभा बराच वेळ गप्प होती. पुढच्या पावसाळ्याआधी राहिलेला बांध बांधून झाला. बंधूंचे गेलेले पीक परत आले नाही, दोन हंगाम जमीन नीट पिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दाखला कुणी अडवला नाही.

कागद कुणाच्या हातात?

आमच्याच तालुक्यात चरी गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तिथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे थांबवले. हा संप १९३९ पर्यंत चालला. खोत लिहील ती कबुलायत, आणि वाचता न येणाऱ्या कुळाने तिच्यावर अंगठा उठवायचा, अशी तेव्हाची रीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे कोकणातल्या कुळांचे हेच हाल होते.

अलीकडचे उदाहरण पेण तालुक्याचे. महामुंबई सेझसाठी जमिनी घेण्याला शेतकऱ्यांचा विरोध होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. गाव लाभक्षेत्रात आहे की नाही, यावर त्या दिवशी मत देण्याचा अधिकार ठरला. आपल्याकडेही धरणाच्या आणि उपसा योजनेच्या लाभक्षेत्राच्या याद्या आहेत. आपला गट नंबर त्यात आहे का, हे किती जणांनी पाहिले आहे?

अर्ज कसा करावा

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली झाला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला व आता तोच चालतो. रीत सोपी आहे.

१. अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी.

२. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही.

३. "काम का झाले नाही?" असे विचारू नये. "अमुक वर्षातील अमुक कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिले व पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती" असे कागदाचे नाव घेऊन मागावे. प्रश्नाला बगल देता येते, कागदाला देता येत नाही.

४. नकलेला पानास २ रुपये. जाडजूड दप्तर असेल तर आधी ते पाहण्याची मागणी करावी. पहिल्या तासाला फी नाही.

५. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्यावी. काट्याच्या पावतीसारखीच ती जपून ठेवावी.

६. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांच्या स्टँपवर. तिथेही समाधान नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. योग्य कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.

सात-बारासाठी मात्र या अर्जाची गरज नाही. तो तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो.

आपल्या घरचेही

"साहेब, दुसऱ्याचे दप्तर दाखवता, कारखान्याचे काय?" असे कुणी विचारील, आणि विचारावेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे सरकारचा मोठा निधी नसलेल्या सहकारी संस्थेला माहिती अधिकाराचा कायदा थेट लागू होत नाही. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतात.

अखेर एक विनंती. कागद मागताना रागाने जाऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. दप्तर सांभाळणारा माणूसही आपल्याच गावचा असतो. पण दप्तर त्याचे नाही, आपले आहे. येत्या ग्रामसभेला जाण्याआधी आपल्या शिवारातल्या एका तरी कामाचे कागद पाहून जा. उसाची वाहतूक अडवणाऱ्या पाणंदीपासूनच सुरुवात केलीत तर उत्तम. अर्जाचा नमुना हवा असल्यास गट कार्यालयात येऊन भेटावे, बसून लिहून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी