वाफेवरचे चिनी डंपलिंग

पिठाच्या पातळ पारीत सारण भरून, कडा मुडपून वाफवलेला घास म्हणजे चिनी डंपलिंग. उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख, त्यामुळे तिथल्या 'ज्याओझ'ची पारी मैद्याची आणि आत डुकराचा किंवा मेंढीचा खिमा, सोबत कोबी नाहीतर पातीचा लसूण. दक्षिणेला ग्वांगडाँग प्रांतातल्या 'हारगाव'मध्ये कोळंबी असते. त्याच्या पारीसाठी गव्हातले ग्लूटेन काढून उरलेल्या स्टार्चवर उकळते पाणी ओततात आणि गरम असतानाच तो मळतात. मोदकाची उकड काढणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. वाफ लागली की ही पारी अर्धपारदर्शक होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसू लागते.

खरी करामत शांघायच्या 'श्याओलोंगबाओ'ची. त्यात खिम्याबरोबर चक्क रस्सा असतो. डुकराची कातडी मंद आचेवर शिजवली की तिच्यातल्या कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि गार झाल्यावर ते पाणी थिजते. या थिजलेल्या रश्श्याचे तुकडे सारणात मिसळतात. वाफेवर ते वितळतात. खाणारा डंपलिंग चमच्यात घेतो, कडेला बारीक छिद्र पाडून आधी रस्सा ओढतो आणि मग काळ्या व्हिनेगरमधल्या आल्याच्या किसासोबत उरलेला घास खातो. घाई केली तर जीभ पोळते.

वाफवायला बांबूच्या करंड्या एकावर एक रचतात. झाकण विणलेले असल्याने जादा वाफ बाहेर पडते, पाणी ठिबकून पारी चिकट होत नाही.

वाफवताना तेल लागत नाही. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणून तळलेल्या प्रकारांपेक्षा हे हलके. पाण्यात उकळताना भाज्यांतली काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात, तेही इथे कमी होते. पण 'वाफवलेले म्हणजे पौष्टिक' हे सरसकट खरे नाही. मैद्यात तंतू नाममात्र आणि चरबीदार खिमा वाफवला तरी चरबीदारच. कोळंबी, टोफू, कोबी, मश्रूम यांचे सारण त्यामानाने उजवे. मिठाचा मोठा वाटा मात्र बुडवून खायच्या सॉसमध्ये असतो. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम ठरवली आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी सॉसची वाटी दूर ठेवून व्हिनेगर आणि आल्यावर भागवावे.