जावाची नळी बसेना तेव्हा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेल्या २५० सीसी गाडीची मोठी ओळख अशी की, सिलिंडर एकच असूनही धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या मात्र दोन. साहजिकच, १९९६ साली कारखाना बंद पडून अस्सल जिन्नस दुर्मिळ झाल्यावर, नकली बेंड पाइपची गोलाई किंचित जरी चुकली तरी मालकाला दुहेरी मनस्ताप भोगावा लागतो.

अशा वेळी सर्व बोल्ट सैल ठेवून तोंडाचा गोल नट प्रथम केवळ बोटांनी फिरवून पाहावा, आणि दोन-तीन आट्यांतच तो अडला तर नळी तिरकी आहे असे समजून पान्याचा मोह टाळावा, कारण बळजोरीने सिलिंडरचे आटे उडाले की त्यांची दुरुस्ती नळीच्या किमतीहून कितीतरी महाग पडते. सायलेन्सरच्या पट्टीचे भोक जुळत नसेल तर ते कानशीने लांबट करावे. नळी ओढून बसवू नये. ताणलेला सांधा कंपनाने ढिला होतो आणि गॅस्केटखालून टू-स्ट्रोकच्या तेलाचा काळा, चिकट ओघळ सिलिंडरच्या फिन्सवर उतरू लागतो. गोलाईच चुकलेली असल्यास नळीत कोरडी वाळू ठासून, तापवून ती वळवता येते, पण हे क्रोम चढवण्यापूर्वीच, कारण ज्वाळेने क्रोम निळे पडते.

तरीही न जुळणारी नळी विक्रेत्याला निःसंकोच परत करावी.