शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना

झारखंडमधील मधुबन येथून अनेक भाविक मध्यरात्रीनंतर अनवाणी निघतात. ९ किलोमीटर चढण, ९ किलोमीटर टोंकांची वंदना आणि ९ किलोमीटर उतरण, असा सम्मेद शिखरजीचा क्रम. गंधर्व नाला, सीता नाला ओलांडून पहाटे गौतमस्वामींच्या टोंकावर पहिली वंदना होते. सुमारे १३६५ मीटर उंचीवरील पार्श्वनाथ टोंकावर ती पूर्ण होते. गुडघ्यांची खरी परीक्षा मात्र उतरणीवर.

वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी संथाळ समाजालाही ‘मरांग बुरू’ म्हणून पूज्य आहे. जैन समाजाच्या देशव्यापी विरोधानंतर जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने येथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. पावित्र्याचा आग्रह धरणाऱ्या यात्रेकरूने वर नेलेली रिकामी बाटलीही खाली आणावी. तीही वंदनाच होय.