माळ्यावरचे सैनिक : बंद झालेली खेळणी शोधायची कशी?

कानात इअरफोन घालायला वेळ नाही, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचता येतं, अशा सगळ्यांसाठी या भागाचा हा लिखित उतारा. माझं 'अं… म्हणजे…' काढून टाकलंय, बाकी गप्पा होत्या तशाच ठेवल्यात.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, घरी जुने आर्मीवाले सापडलेत, काही किंमत येईल का?" किंवा उलटं, "लहानपणी होता तो सैनिक परत कुठे मिळेल?" म्हणून आजचा विषय, उत्पादन बंद झालेले खेळण्यातले सैनिक. ओळखायचे कसे, शोधायचे कुठे आणि फसायचं नाही कसं.

सुरुवात रे रोडवरून का?

कारण माझं रोजचं येणं-जाणं इथलं. हार्बर लाइनचा पहिला तुकडा कुर्ला ते रे रोड असा १९१० साली सुरू झाला, आणि स्टेशनला नाव मिळालं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना. दारू म्हणजे बंदुकीची दारू, बरं का! आता तिथे जुनी जहाजं तोडतात. १९७१ च्या युद्धात गाजलेली आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये इथेच तोडायला आली.

एवढी मोठी युद्धनौकासुद्धा शेवटी टनाच्या भावाने जाते. मग साडेनऊ सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या सैनिकाचं काय घेऊन बसलात? इथल्या एका भंगारवाल्या काकांनी मला सांगितलं, "प्लास्टिक आलं की आम्ही कडक आणि नरम वेगळं करतो. त्यात बाहुला आहे का बादली, कोण बघतो?" हीच खरी अडचण आहे. ही खेळणी तुटून संपतात त्यापेक्षा जास्त न ओळखल्यामुळे संपतात. आणि लालबाग, परळ, गिरगावात चाळी रिकाम्या होतायत, तशी ती पोत्यांनी बाहेर पडतायत.

आपल्याकडे सापडतात तरी कोणते?

ढोबळमानाने चार प्रकार.

पहिला, शिशाचे सैनिक. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत आणली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, बाहेरची कड गोठली की आतलं परत ओतून काढायचं. माल कमी लागतो, वजन कमी होतं, किंमतही उतरते. ऊंची ५४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढी. त्यांनी हिंदुस्थानी पलटणीही काढल्या होत्या. बिकानेरच्या उंटदळाचा संच संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. १९६६ मध्ये शिशाचं उत्पादन थांबलं. तळाशी कंपनीचं नाव असेल तर तो भाग घासू नका, तोच पुरावा आहे.

दुसरा, एअरफिक्सचे मऊ प्लास्टिकचे. १९५९ पासून छोट्या डब्यांत मिळणारे, जेमतेम अडीच सेंटिमीटरचे, नंतर मोठ्या ५४ मिलिमीटरच्या मापातही. कंपनी १९८१ मध्ये बुडाली, पण साचे हातोहात फिरत राहिले आणि ब्रँड आजही आहे. म्हणून इथे सैनिकापेक्षा डबा महत्त्वाचा. त्यावरचा लोगो कोणत्या काळातला आहे, यावर जुना की पुनर्उत्पादित ते ठरतं.

तिसरा, आणि नव्वदच्या दशकातल्या मुलांचा लाडका, फनस्कूलचा जी.आय. जो. यावर जरा जास्त बोलूया.

चौथा आपला घरचा. तो शेवटी.

फनस्कूलची गोष्ट

अमेरिकेत हॅसब्रोने १९६४ मध्ये बारा इंची जी.आय. जो आणला. मुलगे 'बाहुली' म्हटलं तर घेणार नाहीत, म्हणून त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' म्हणायचं ठरलं. १९८२ मध्ये तोच पावणेचार इंचांचा होऊन परत आला. आपल्याकडे फनस्कूल १९८७ मध्ये सुरू झाली, एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीत. गोव्यात कारखाना.

आता गंमत बघा. असा सैनिक बनवायला लागणारा लोखंडी साचा फार महाग असतो. त्यामुळे अमेरिकेत एखादा सैनिक बंद झाला की साचा दुसऱ्या देशात जायचा. तिथे तोच सैनिक वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये, वेगळ्या रंगकामासह पुन्हा जन्माला यायचा. त्यामुळे भारतात निघालेले काही रंग जगात दुसरीकडे नाहीत. म्हणूनच आपण ज्याला 'लोकल माल' समजून टाकून दिलं, तो परदेशातले संग्राहक मुद्दाम शोधत असतात. २००० च्या दशकात हे उत्पादन आपल्याकडे थांबलं.

हातात आला तर काय बघायचं?

• पाठीवर किंवा पायामागे कोरलेलं वर्ष. ते साच्याच्या हक्काचं वर्ष असतं, बनवल्याचं नव्हे. '१९८५' दिसलं म्हणून तो १९८५ चा, असं नाही.

• अंगठे आणि दोन पायांमधला सांधा. सगळ्यात आधी हेच तुटतात. फोटोत विक्रेत्याने हात लपवला असेल तर दुसरा फोटो मागा.

• कंबर लटलट हलते का? आत एक काळी रबरी ओ-रिंग असते, तीच धड आणि पाय धरून ठेवते. वर्षांनुवर्षांनी ती सुकते आणि तुटते. मग सैनिकाचे दोन तुकडे होतात आणि घरचे म्हणतात 'मोडलं, फेका'. पण तो मोडलेला नसतो! पाठीतला स्क्रू बरोबर मापाच्या पेचकसने उघडायचा, त्याच मापाची नवी रिंग घालायची, झालं. स्क्रूचं डोकं झिजू देऊ नका, एवढंच.

• बंदूक, हेल्मेट, बॅग. सैनिक सापडतो, बंदूक सापडत नाही. म्हणून डब्याच्या तळाशी उरलेला चुरा कधीही फेकू नका.

शोधायचं कुठे?

आधी घर. माळा, कॉटखालची ट्रंक, शिवणाच्या मशीनचा खण, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. मग मामा, काका, आत्या यांच्याकडे.

दुसरं, आपल्या गल्लीतला रद्दीवाला आणि भंगारवाला. नावं सांगू नका, फोनवर फोटो दाखवा आणि नंबर देऊन ठेवा. किलोच्या भावापेक्षा बरे पैसे द्याल हे त्यांना कळलं की ते आपणहून फोन करतात. मात्र दारूखान्यात जिथे जहाजतोडणी चालते तिथे उगाच फिरायला जाऊ नका. ती जागा धोक्याची आहे, आणि खेळणी तिथे मिळतही नाहीत.

तिसरं, चोर बाजार. रे रोडवरून सीएसएमटीकडे जाणारी गाडी पकडा, डॉकयार्ड रोड, मग सँडहर्स्ट रोड. तिथून चालत मटण स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. सोबत टॉर्च आणि सुट्टे पैसे ठेवा. व्हिडिओ काढायच्या आधी विचारा.

चौथं, ऑनलाइन. विकणाऱ्याला नाव माहीत असेलच असं नाही. त्यामुळे 'जी.आय. जो' टाकून थांबू नका. 'जुनी खेळणी', 'आर्मी मॅन', 'सोल्जर सेट', अगदी चुकीच्या स्पेलिंगनेही शोधा. परदेशातून मागवणार असाल तर आधी हिशेब करा. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

फसू नका, आणि फसवूही नका

आगाऊ पैसे पाठवायच्या आधी, सैनिकाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. खरा विक्रेता दोन मिनिटांत पाठवतो. तुम्ही विकत असाल तर एक लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा.

आता उलट बाजू. परळला एका रिकाम्या होत असलेल्या चाळीत एक आजी भेटल्या. त्यांच्या धाकट्या भावाचे शिशाचे अकरा घोडेस्वार, रुमालात गुंडाळलेले. "भंगारवाला वजनावर घेतो म्हणाला, तू काय देशील?" मी आधी त्यांना सांगितलं की हे काय आहे आणि संग्राहक याला किती देतात. त्यांनी दहा विकले, एक ठेवला. मला माझ्या खिशाच्या मानाने महाग पडलं, पण छंदात एवढं पाळायलाच हवं. समोरच्याला माहीत नाही, हा आपला नफा नव्हे.

शिशाचे सैनिक हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती ते अजिबात देऊ नका. जुन्या रंगातही शिसं असू शकतं. अंगावर पांढुरकी भुकटी आली तर शिसं खराब होतंय असं समजा. ते ओकच्या किंवा कच्च्या लाकडाच्या बंद पेटीत ठेवू नका, लाकडातून निघणारी आम्लं हा रोग वाढवतात.

आणि चौथा सैनिक

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा! मातीचा, हाताने रंगवलेला, मिशी जरा वाकडी. त्याच्यावर ना कंपनीचा शिक्का, ना वर्ष, ना कॅटलॉग. किल्ला मोडला की तोही मातीत जातो. आता साच्यातले प्लॅस्टरचे आणि प्लास्टिकचे जास्त दिसतात. ब्रिटन कंपनीचा घोडेस्वार जगात कुठेतरी सापडेल, पण तुमच्या आजोबांच्या किल्ल्यावरचा मावळा एकदा गेला की गेला. घरात एखादा उरला असेल तर आजच चारही बाजूंनी फोटो काढा. कोणी आणला, कुठून, साधारण कोणत्या वर्षी, हे घरच्या मोठ्या माणसाला विचारून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. फोन हातात आहेच, पाच मिनिटांचं काम.

ती रेकॉर्डिंग्ज आणि फोटो मला पाठवा, घरच्यांची परवानगी घेऊन. पुरेसे जमले तर दिवाळीच्या भागात फक्त मावळ्यांवरच बोलू. तोवर माळा उघडा, आणि भेटूया पुढच्या भागात!